छळ आणि पाळत : ज्यांना शिक्षा झाली नाही त्यांचे काय बिघडते?

प्रश्न : वेंगुर्ल्याची वाचक

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यासाठी ‘धार्मिक छळ, सरकारी पाळत आणि समाज’ हा विषय ठरला असून टिपण काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सिंधुदुर्गात या विषयाची सुरुवात गोव्यापासूनच होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांचे कुलदैवत गोव्यात आहे आणि ‘आम्ही मूळचे साष्टीचे’ किंवा ‘आमचे मूळ घर बार्देशात’ असे सांगणारी माणसे वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात जागोजागी भेटतात. गेल्या बैठकीत विषयाची नुसती तोंडओळख झाली, तेवढ्यातच दोन आक्षेप आले.

पहिला आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांचा. त्यांचे म्हणणे असे की गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचे ते धर्मन्यायालय, १८१२ मध्ये बंद झाले. ज्यांना शिक्षा झाल्या ते गेले, ज्यांनी दिल्या तेही गेले. मग आज त्याची उजळणी करून भांडणे उकरण्यापलीकडे काय साधणार? दुसरा आक्षेप एका तरुण अभियंत्याचा होता. ‘कर नाही त्याला डर कशाला’, एवढेच तो म्हणाला. सरकारने फोन ऐकले, कॅमेरे लावले, तर प्रामाणिक माणसाचे काय बिघडते, असा त्याचा रोख होता. सभागृहातल्या बऱ्याच माना त्याच्या बाजूने हलल्या, हेही सांगितले पाहिजे.

मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच : अशा राजवटीत ज्यांच्या अंगाला कुणी हातही लावला नाही, त्या बहुसंख्य लोकांचे नेमके काय नुकसान होते? ते नुकसान संस्था बंद पडल्यावरही टिकते, याला काही पुरावा आहे का? कृपया कोणत्याही धर्माच्या आजच्या अनुयायांना दोष देणारी उत्तरे नकोत. तशी उत्तरे मला गावातही भरपूर मिळतात.

उत्तर : राजापूरचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमच्या तरुण सभासदाने सांगितलेली म्हण खरी ठरायला एक अट लागते : ‘कर’ म्हणजे काय, हे माणसाला आधी ठाऊक असले पाहिजे. गोव्यातल्या इन्क्विझिशनची सारी रचनाच ही अट मोडण्यावर उभी होती. १५६० मध्ये ती संस्था सुरू झाली, १७७४ मध्ये बंद झाली, चारच वर्षांनी पुन्हा उघडली आणि शेवटी १८१२ मध्ये कायमची मिटली. एवढ्या काळात पकडलेल्या माणसाला त्याच्यावर आरोप कोणता आहे हे सांगण्याची पद्धत नव्हती, साक्षीदार कोण हेही कळत नसे. त्याने स्वतःच आठवून आठवून आपला अपराध ‘कबूल’ करायचा आणि तो न्यायाधीशांकडच्या कागदाशी जुळेपर्यंत आठवत राहायचे. शार्ल देल्लों नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणमध्ये पकडला गेला आणि पुढे गोव्याच्या कोठडीत दोन वर्षे राहिला. सुटल्यावर त्याने १६८७ मध्ये आपली हकीकत छापली, म्हणून आतला प्रकार जगाला कळला. सुटणाऱ्याकडून ‘आत काय झाले ते कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घेतली जात असे. देल्लोंने ती मोडली. ज्यांना गोव्यातच आयुष्य काढायचे होते त्यांना ते परवडणारे नव्हते.

आता याचा परिणाम शिक्षा न झालेल्या माणसावर कसा होतो ते पाहा. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहणार असेल, तर प्रत्येक ओळखीचा माणूस संभाव्य तक्रारदार ठरतो. अटकेबरोबर मालमत्तेवर टाच येत असल्यामुळे कर्ज बुडवू पाहणाऱ्याला किंवा बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदाला सावकाराचा, चुलत्याचा काटा काढण्याचा मार्ग आयता उघडा होतो. तक्रार करणारे सगळे दुष्ट होते असे मी म्हणत नाही. पुष्कळांनी भीतीपोटी केली असेल, कारण माहीत असून न सांगणे हाही अपराधच होता. दुसऱ्याने आपले नाव घेण्याआधी आपण त्याचे घ्यावे, हा त्या व्यवस्थेतला सरळ हिशोब होता.

पाळत कुठपर्यंत पोहोचली याचा नमुना म्हणून १७३६ चे आज्ञापत्रक पाहण्यासारखे आहे. धर्मांतर केलेल्यांनी काय करू नये याची ती यादी आहे आणि त्यात देवपूजा, मूर्ती अशा ढळढळीत गोष्टींपेक्षा घरातल्या बारीकसारीक गोष्टीच जास्त भरतात. अंगणात तुळस ठेवू नये. लग्नात हळद लावू नये, विडे वाटू नयेत, फुले धाडू नयेत, देशी वाद्ये वाजवू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. आणि भात शिजवताना हिंदूंप्रमाणे मीठ न घालता तो शिजवू नये! थोडे थांबून या शेवटच्या कलमाचा विचार करा. भातात मीठ शिजतानाच घातले की पानात वरून घेतले, हे कुणाला कळू शकते? चुलीपाशी उभ्या असलेल्या मोलकरणीला, सुनेला, जाऊबाईला, शेजारून विस्तव मागायला आलेल्या बाईला. असा नियम काढणाऱ्याला स्वयंपाकघरात शिपाई नेमावा लागत नाही. तिथे आधीपासून असलेली माणसेच त्याचे काम करतात. मला या साऱ्या इतिहासात जाळलेल्या माणसांइतकेच हे कलम भयंकर वाटते.

जाळलेल्यांचाही एक दाखला देतो, कारण तो आपल्या किनाऱ्यावरच्या विद्येशी संबंधित आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या वैद्य-हकिमांकडून औषधी वनस्पती समजावून घेतल्या आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्यावर ग्रंथ छापला. हळद, हिंग, आंबा, नारळ, कोकमासारखी फळे यांची शास्त्रीय ओळख युरोपला करून देणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. तो ज्यू वंशातला होता. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळली. ज्या गावात असा ग्रंथ लिहिणाऱ्याची ही गत होते, तिथे दुसरा असा ग्रंथ लिहायला कोण बसेल? न लिहिलेल्या पुस्तकांची मोजदाद होत नाही, म्हणून हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

एक पुस्ती. हा कुठल्या एका धर्माचा मक्ता नव्हे. गोव्यातला छळ, लढाया आणि दुष्काळ यांना कंटाळून दक्षिणेकडे कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कोकणी ख्रिस्ती लोकांनाच १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर परिसरातून हजारोंच्या संख्येने उचलून श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले. उरलेसुरले सुटले ते १७९९ मध्ये टिपू पडल्यावर. त्या समाजाला दोन निरनिराळ्या राजवटींनी दोन निरनिराळ्या कारणांनी पोळले.

उत्तर : वसईचा एक कुपारी

मी वसईचा ख्रिस्ती आहे आणि हा विषय निघाला की लोक माझ्याकडे जरा अवघडून पाहतात, म्हणून सरांच्या उत्तरात एक गोष्ट जोडतो. इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. हिंदूंवरही खटले झाले, पण बहुतेक वेळा धर्मांतरात अडथळा आणला किंवा ख्रिस्ती झालेल्याला जुन्या चालीकडे ओढले या आरोपावरून. आज चर्चमध्ये जाणाऱ्यांचे पूर्वज हे त्या संस्थेचे कर्ते होते असे समजून जे बोलतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तिची सर्वांत घट्ट पकड याच पूर्वजांवर होती. जे घर सोडून तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर असलेल्या अंत्रुजात (फोंडा भागात) किंवा सावंतवाडीला गेले त्यांची जमीन गेली, पण चूल मोकळी राहिली. जे राहिले त्यांची चूलही स्वतःची राहिली नाही. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, हे सगळे सांगतात. मागे राहिलेल्यांची गोष्ट सांगायला कुणीच पुढे येत नाही, हिंदूंना ती आपली वाटत नाही आणि ख्रिस्ती माणसाला ती अडचणीची वाटते.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली आणि पोर्तुगीज गेले. आमच्याकडच्या लग्नांत आजही हळद लागते, उत्तर कोकणातल्या ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांत उंबराच्या पाण्याचा विधी होतो आणि त्याबद्दल कुणाचा धर्म बुडत नाही. गोव्यात हळदीच्या जागी नारळाच्या रसाचा ‘रोस’ आहे. हा फरक केवळ राजवटीच्या लांबीमुळे पडला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण १७३६ चे ते आज्ञापत्रक वाचल्यावर मला तो योगायोगही वाटत नाही.

उत्तर : रत्नागिरी, अर्थशास्त्र शिकवतो

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, म्हणजे पुराव्याकडे. गोव्याबाबत अडचण अशी की संस्था बंद झाल्यावर तिचे बहुतांश कागद जाळून टाकण्यात आले. लिस्बनला उरलेल्या याद्यांवरून सुमारे सोळा हजार खटल्यांचा अंदाज बांधता येतो, पण कोणत्या गावात किती, हे नकाशावर मांडण्याइतका तपशील हाती राहिलेला नाही. स्पेनचे कागद मात्र पुष्कळ प्रमाणात टिकले. तिथले इन्क्विझिशन १४७८ ते १८३४ असे साडेतीन शतके चालले. २०२१ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी त्याचे ६७ हजारांवर खटले गावनिहाय मांडले आणि आजच्या परिस्थितीशी ताडून पाहिले. छोट्या गावांच्या उत्पन्नाची आकडेवारी नसल्यामुळे त्यांनी उपग्रहातून दिसणाऱ्या रात्रीच्या उजेडावरून उत्पन्नाचा अंदाज घेतला. निष्कर्ष असा की जिथे छळ अधिक झाला तिथे आज उत्पन्न कमी, शिक्षण कमी आणि लोकांचा एकमेकांवरचा विश्वासही कमी आहे.

अशा अभ्यासाला पहिली शंका विचारायची ती ही : गावे आधीपासूनच मागास होती म्हणून तिथे छळ जास्त झाला नसेल कशावरून? याचे उत्तर उलट दिशेने मिळते. या संस्थेचा खर्च बऱ्याच अंशी जप्त मालमत्तेतून आणि दंडातून भागत असल्यामुळे तिचे लक्ष गरीब खेड्यांपेक्षा पैसेवाल्या गावांकडे अधिक होते. जी गावे पुढारलेली होती तीच पुढे मागे पडली, असा त्याचा अर्थ होतो. तरीही शतकांच्या अंतरावरून काढलेला कार्यकारणभाव मी नेहमी दोन पावले मागे उभा राहूनच पाहतो.

त्या मानाने पूर्व जर्मनीचा पुरावा अधिक भक्कम आहे, कारण काळ जवळचा आहे आणि कागद शाबूत आहेत. १९८९ मध्ये ‘श्टाझी’ या तिथल्या गुप्त पोलिसांकडे सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते आणि खबऱ्यांची संख्या त्याच्या जवळपास दुप्पट होती. देशाची लोकसंख्या मात्र सुमारे १ कोटी ६० लाख. खबऱ्यांचे जाळे सगळीकडे सारखे दाट नव्हते, काही जिल्ह्यांचे अधिकारी अधिक हौशी होते. अभ्यासकांनी जिल्ह्यांच्या सीमेच्या अलीकडचे व पलीकडचे, बाकी सर्व बाबतींत सारखे असलेले तालुके घेऊन तुलना केली. खबरे जिथे अधिक होते, तिथे जर्मनी एक झाल्यानंतरही लोक अनोळखी माणसावर कमी विश्वास ठेवताना आढळले, मतदानाला कमी जाताना आढळले आणि त्यांचे उत्पन्नही कमी राहिले. हा अभ्यासही २०२१ चाच.

विश्वास आणि उत्पन्न यांचा संबंध आपल्याकडे समजावून सांगावा लागू नये. आंबा बागायतदार फळ तयार होण्याआधी दलालाकडून उचल घेतो, पेट्या वाशीला जातात, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, नंतर येते; या साखळीत लेखी करार कितीसा असतो? प्रत्येक पायरीवर समोरचा बुडवणार असे धरून चालायचे ठरवले, तर प्रत्येक पेटीमागे जामीन, साक्षीदार आणि वकील लागेल, आणि तो खर्च न झेपणारा छोटा बागायतदार आधी बाजूला पडेल.

भांडवल पळते ते वेगळेच. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दीव बंदरातला निमा पारख हा मोठा वाणी व्यापारी मुंबईला यायला तयार झाला, तेव्हा १६७७ मध्ये त्याने इंग्रज कंपनीकडे आधी मागितली ती धर्माच्या बाबतीत कुणी हात घालणार नाही अशी हमी. ती त्याला मिळाली. मुंबई वाढली आणि जुने गोवे ओस पडले यामागे डच आरमार, साथीचे रोग, १५६५ नंतर विजयनगरशी असलेल्या घोड्यांच्या व्यापाराचा झालेला अस्त अशी बरीच कारणे आहेत, सगळे खापर इन्क्विझिशनवर फोडणे बरोबर नाही. पण व्यापाऱ्याने बंदर निवडताना धक्क्याच्या खोलीआधी धर्माची हमी मागावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

उत्तर : सातार्ड्याचा रहिवासी

आपण सगळे सोळाव्या-सतराव्या शतकात रमलो आहोत. माझ्या घरात याच विषयाच्या आठवणी १९५० नंतरच्या आहेत. आमचे गाव तेरेखोल नदीच्या काठी, पलीकडे गोव्यातले पेडणे. आजीचे माहेर पलीकडचे. तिथे तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे राज्य होते आणि त्याच्या गुप्त राजकीय पोलिसांचे, ‘पिडे’चे, नाव मोठ्याने घ्यायला लोक कचरत. छापील मजकूर परवानगीशिवाय निघत नसे. लग्नपत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंद झाली आणि मामा-भाच्यांचे येणे-जाणे तुटले.

आजी सांगे की माहेरी गेल्यावर पहिली ताकीद मिळे ती मुलांना : “भायर काय एक बोलू नकात.” घरात कोण आले, कोण जेवून गेले, बांद्याहून काय निरोप आला, यातले काहीही शाळेत किंवा देवळात बोलायचे नाही. घरातल्या घरात मात्र मोठी माणसे पुढचा-मागचा दरवाजा लावून तासन्‌तास बोलत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ज्यांच्यावर खबरे असल्याचा संशय होता ती घरे तिथेच राहिली, संशय घेणारी घरेही तिथेच राहिली. खरे कोण आणि खोटे कोण याचा निवाडा कधी झालाच नाही. त्या वाडीत दोन कुटुंबांचे आजही एकमेकांच्या मयताला जाणे नाही आणि नव्या पिढीला कारण विचारले तर ‘जुने काहीतरी आहे’ एवढेच सांगता येते. कदाचित त्या बिचाऱ्या माणसाने कधीच कुणाची खबर दिली नसेल.

तुमच्या ज्येष्ठ सभासदांना माझे एवढेच सांगणे आहे की उजळणी केल्याने भांडणे निघतात हे अर्धे खरे आहे. आमच्या वाडीत उजळणी न झाल्यामुळे भांडण राहिले.

पुन्हा : वेंगुर्ल्याची वाचक

सर्वांचे आभार. भातातल्या मिठाचे कलम आमच्या बैठकीत मी नक्की वाचून दाखवणार आहे. मात्र तरुण सभासदाचा खरा मुद्दा अजून शिल्लक आहे असे मला वाटते. तो म्हणेल की पोर्तुगिजांचे राज्य परके होते, धर्मवेडे होते. आपले सरकार निवडून आलेले आहे आणि आपल्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये आरडीएक्स उतरले होते. मग पाळत नको म्हणायचे का?

उत्तर : श्रीवर्धनकडील मच्छीमार सोसायटीचा माजी सचिव

ताई, या प्रश्नाचे उत्तर द्यायला माझ्याकडे पुस्तकी ज्ञान नाही, पण आरडीएक्स उतरले ते आमच्याच किनाऱ्यावर, त्यामुळे थोडे बोलतो.

१९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडी इथे माल उतरला आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट होऊन २५७ माणसे मेली. माल उतरला तो सरकारकडे डोळे नव्हते म्हणून नव्हे. ज्यांनी किनाऱ्यावर नजर ठेवायची त्या कस्टम्स आणि पोलीस खात्यांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले, आणि त्याबद्दल टाडा न्यायालयाने त्यांना शिक्षाही दिल्या. म्हणजे पाळत ठेवणारेच विकले गेले होते. त्यानंतर संशयाचा भार मात्र कुणावर आला? आमच्या शेजारच्या गावांतल्या कोकणी मुसलमान खलाशांवर. ज्याचा त्या मालाशी संबंध नाही, ज्याची होडी त्या रात्री ओढून वाळूवर ठेवलेली होती, त्यालाही वर्षानुवर्षे बंदरावर वेगळ्या नजरेने पाहिले गेले. पूर्वी पाण्यात काही वावगे दिसले की जो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपणहून येऊन सांगायचा, तो ‘उगाच कशाला बोलायचे, आधी आपल्यालाच विचारतील’ असे म्हणू लागला. सरकारचे यात नुकसान झाले ते हेच : ज्या माणसाला पाण्यातले सगळ्यांत आधी दिसते, तोच गप्प बसला.

याच्या उलट २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र घ्या. अतिरेकी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते, हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. कॅमेरा नव्हता, फोन ऐकणारा नव्हता. आपली वस्ती, आपला धक्का, म्हणून माणसाने विचारले. पुढे त्यांची दखल वेळेवर घेतली गेली नाही, हा भाग वेगळा.

२००८ नंतर खलाशांना बोटांच्या ठशांची ओळखपत्रे मिळाली, होड्यांची नोंदणी कडक झाली आणि सागर सुरक्षा दलात गावोगावची मच्छीमार मुले आली. मी या सगळ्याच्या विरोधात नाही. ओळखपत्र दाखवायला मला कमीपणा वाटत नाही, कारण ते कधी मागणार, कोण मागणार, कशासाठी मागणार हे मला माहीत आहे. सुरक्षा दलातला मुलगाही सर्वांच्या ओळखीचा आहे. माझा विरोध सुरू होतो तो या तीन गोष्टी कळेनाशा होतात तिथून. जेट्टीवरच्या टपरीत कोण काय बोलले हे गुपचूप जाऊन सांगणारा माणूस आणि उघडपणे पाण्यावर नजर ठेवणारा माणूस, हे दोघे एकच काम करतात असे तुमच्या अभियंत्याला वाटत असेल, तर त्याने आठवडाभर येऊन आमच्या धक्क्यावर राहावे.

आणि सरकार आपले की परके, यावर सगळे सोपवणेही मला पटत नाही. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सरकार आपलेच होते, निवडून आलेलेच होते.

उत्तर : रत्नागिरी, अर्थशास्त्र शिकवतो

सचिवसाहेबांनी सांगितलेले तीन प्रश्न कायद्याच्या भाषेतही आहेत. फोन ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असे बंधन घातले की आदेश वरिष्ठ गृह अधिकाऱ्याचाच हवा, त्याला मुदत हवी आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासायला हवा. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि राज्याला तो मोडायचा असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि जेवढ्यास तेवढेच पाऊल हवे, असे म्हटले. त्या निकालानंतर ‘मला लपवण्यासारखे काही नाही’ हे उत्तर नागरिकाने द्यायचे उरलेच नाही. कारण सांगण्याची जबाबदारी सरकारवर आली. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट मात्र मोकळी ठेवली आहे, आणि माझ्या मते तुमच्या मंडळाने चर्चा करावी ती खरी यावर.

छळ आणि पाळत आज एकत्र कशी चालतात हे पाहायचे असेल तर चीनमधल्या शिंच्यांगकडे पाहावे लागते. तिथे २०१७ च्या नियमांनी ‘अस्वाभाविक’ दाढी आणि बुरखा यांवर बंदी आणली, कॅमेरे आणि फोनमधली माहिती एकत्र गोळा झाली, आणि सरकारी नोकर ‘नातेवाईक’ म्हणून उइगुर मुसलमानांच्या घरात मुक्कामाला जाऊ लागले. घरात कोण नमाज पढतो, कोण रोजा धरतो हे ते पाहतात. एवढी यंत्रसामग्री हाताशी असूनही शेवटी स्वयंपाकघरात माणूस बसवावाच लागला.

उत्तर : राजापूरचे निवृत्त शिक्षक

ताई, टिपणात एक मुद्दा जरूर घ्या : नोंदी पाहण्याचा हक्क. पूर्व जर्मनीत लोकांनी १९९० च्या जानेवारीत श्टाझीच्या मुख्य कचेरीत घुसून कागद वाचवले आणि १९९२ पासून कुणालाही स्वतःची फाइल मागून पाहता येऊ लागली. त्यातून मैत्र्या तुटल्या, संसार मोडले, हे खरेच. पण ज्यांच्यावर उगाच संशय होता असे पुष्कळ लोक त्याच कागदांमुळे निर्दोषही ठरले. सातार्ड्याच्या मित्राने लिहिलेल्या त्या दोन कुटुंबांना ही सोय मिळाली नाही. आमच्याकडच्या खलाशांची माहिती कोणत्या वहीत, किती वर्षे राहते आणि चुकीची नोंद असेल तर ती कुणाकडून खोडून घ्यायची, हे सचिवसाहेबांनी लिहिले तर ते मलाही वाचायचे आहे.

उत्तर : श्रीवर्धनकडील मच्छीमार सोसायटीचा माजी सचिव

सर, हेच आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर माहिती अधिकारात विचारले आहे. पहिल्या अर्जाला ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ असे उत्तर आले. आम्ही कुणाची गुप्त माहिती मागितली नव्हती. नोंद किती काळ ठेवतात आणि चूक दुरुस्त करायचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढेच दोन प्रश्न होते. अपील दाखल केले आहे. उत्तर आले की इथे टाकतो, वेंगुर्ल्याच्या ताईंनी ते बैठकीत वाचायला हरकत नाही.